एक्सलची उंची

बाबांना जाऊन अडीच महिने झाले होते, तेव्हा दादाने त्यांचा ट्रक उंच करायला टाकला. मला हे आईकडून फोनवर कळलं. "चाकं मोठी बसवणार आहे म्हणे," ती म्हणाली, "आणि सगळी गाडीच वर उचलून घेणार आहे." गाडीबद्दल आई याआधी कधी एवढं बोलल्याचं मला आठवत नाही.

ट्रक सव्वीस वर्षांचा, डिझेलवरचा, मागे उघडा. बाबा मोठे वजनकाटे तपासायचे. गोदामं, गिरण्या, भंगारवाले, जिथे काटा असेल तिथे वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं ट्रकमधून न्यायची, काट्यावर एकेक करून ठेवायची आणि काटा खरं बोलतोय की नाही ते सांगायचं. लोक त्यांना काटेवाले म्हणत. ट्रकमध्ये त्यांनी कधी काही बदललं नाही. सीटचं कव्हर फाटलं की तेच शिवून आणायचे. रेडिओ बंद पडला तो बंदच राहिला. आणि दादा, ज्याने त्या गाडीवर कधी आपणहून बादलीभर पाणी ओतलं नव्हतं, त्याला एकाएकी तिची उंची कमी वाटू लागली.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: याला गाडीच्या खालचं काहीतरी नाहीसं करायचंय.

त्याला कारण होतं. त्या दिवशी बाबांच्या छातीत दुखू लागलं आणि दादा त्यांना ट्रकमध्ये घालून निघाला, तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आईने घड्याळ बघितलं होतं. मोठ्या इस्पितळाच्या नोंदीत वेळ होती तीन पंचेचाळीस. घरापासून तिथे जायला फार तर पंचावन्न मिनिटं लागतात. वरची चाळीस मिनिटं कुठे गेली? बाबा पाच वाजता गेले. मी संध्याकाळी पोहोचले तेव्हा डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता ते म्हणाले, "अर्धा तास आधी आले असते, तर कदाचित." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी मात्र तेव्हापासून रोज पुरं करत होते.

दादाला विचारलं तर म्हणाला, "रेल्वेचं फाटक बंद होतं."

मी पुस्तकांची प्रुफं तपासते. पान बत्तीसवर विधवा असलेली बाई पान दोनशेवर नवऱ्याला हाक मारते, हे शोधण्याचा मला पगार मिळतो. तिसऱ्या आठवड्यात मी फाटकावर जाऊन आले. फाटकवाला खुर्चीत बसून नखं कापत होता. त्याने सांगितलं की दुपारी दीड ते साडेचार त्या मार्गावर एकही गाडी नसते, कित्येक वर्षांत नाही. "त्या वेळात मी झोपतो," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून, "हे कुठे सांगू नका."

मी दादाला ते सांगितलं नाही. आईला सांगितलं.

ती माझी चूक होती की नाही, हे मी बराच काळ ठरवू शकले नाही.  त्या दिवसापासून आई दादाचं ताट वाढून ठेवायची आणि तो जेवायला बसला की दुसऱ्या खोलीत जायची. दादाचं लग्न झालेलं नाही. सेहेचाळीस वर्षांचा तो बाप्या आईबाबांबरोबर त्याच घरात राहिला, पाण्याच्या पंपांच्या दुकानात हिशेबनीस म्हणून लागला आणि तिथेच टिकला. आता संध्याकाळी तो आणि त्याचं ताट, दोघंच समोरासमोर. मी शनिवारी-रविवारी यायचे आणि दोघांच्या मध्ये बसायचे, आणि मनातल्या मनात त्याच्यावर पाळत ठेवायचे.

त्या चाळीस मिनिटांत काय काय घडलं असेल याच्या गोष्टी मी रचून ठेवल्या होत्या. दादाला वाटेत थांबायची खोड. ओळखीचा माणूस दिसला की गाडी कडेला. म्हणजे कुणाला तरी काही द्यायला थांबला असेल? की घाईत कुणाला धडक दिली, आणि निस्तरत बसला? की डिझेल संपलं आणि सांगायची लाज वाटली? प्रत्येक गोष्टीत बाबा शेजारच्या सीटवर छाती धरून बसलेले असत, आणि प्रत्येक गोष्टीत मी दादाला माफ करू शकत नसे.

तर मी शनिवारी सरळ मिस्त्रीकडे गेले. निमित्त होतं बाबांच्या वस्तूंचं. गाडीत त्यांचा वाचायचा चष्मा राहिलाय, असं मी म्हणणार होते.

ती गल्ली सगळी गाड्यांच्या कामाचीच. एका बाजूला बॅटऱ्या, एका बाजूला रेडिएटर, मध्ये वेल्डिंगचा उजेड, आणि सगळ्या जमिनीला जुन्या तेलाचा काळा थर. बाबांचा ट्रक आतल्या बाजूला चार लोखंडी घोड्यांवर उभा होता. चाकं काढलेली. चाकांशिवाय तो मला अनवाणी वाटला. भिंतीला चार नवे टायर टेकवून ठेवले होते, माझ्या कमरेच्या वर येतील एवढे, अजून रबराच्या बारीक मिशा असलेले.

मिस्त्री ट्रकखालून सरपटत बाहेर आला. साठीचा, बुटका, कपाळावर चष्मा, आणि चष्म्याला दोरीऐवजी रबराची बारीक नळी बांधलेली.

"काटेवाल्यांची मुलगी मी. बाबांचा चष्मा गाडीत राहिलाय," मी म्हटलं.

"ओळखलं. नाक तेच आहे." तो हात पुसत म्हणाला. "चष्मा ना? तो तुमच्या दादांनी पहिल्याच दिवशी नेला."

म्हणजे निमित्त पहिल्याच वाक्यात संपलं. मी टायरांकडे बघत उभी राहिले.

"कामाबद्दल विचारायला आलात का?" तो म्हणाला. "विचारा. पण दादांनी सांगितलंय, कुणाला काही बोलू नका."

"कशाबद्दल?"

"ते नाही सांगितलं. मी म्हटलं, अहो, मला काही माहीतच नाही, तर मी न बोलायचं तरी काय?"

तो हसला. मी हसले नाही, तसा तोही थांबला. मग त्याने मला काम दाखवायला सुरुवात केली, जसं कुणी रुसलेल्या पाहुण्याला घर दाखवतं. मागच्या एक्सलवर स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडाचे चार इंची ठोकळे बसवले होते, त्यांना धरायला लांब यू-बोल्ट. पुढे पाटे बदललेले. शॉकअप नवे, लांब. ब्रेकच्या नळ्या आता तोकड्या पडतात म्हणून त्याही नव्या. मडगार्डची आतली कड थोडी कापलेली, कारण वळताना मोठं चाक घासतं.

"हे सगळं कशासाठी?" मी विचारलं.

"मोठं चाक मावावं म्हणून."

"आणि मोठं चाक कशासाठी?"

"हां." त्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "हे मीपण विचारलं. पोरंटोरं करतात हो हे, रुबाबासाठी. तुमचे दादा काही रुबाबातले वाटत नाहीत. रोज येतात टेप घेऊन. एकच विचारतात, एक्सल जमिनीपासून किती वर येईल. मी म्हटलं, साहेब, नीट ऐका. तुम्ही गाडी चार इंच उचलली की वर जाते ती बॉडी. एक्सल आहे तिथेच राहतो, तो चाकाच्या मध्यात असतो ना. तो वर येतो फक्त टायर मोठा केला की, आणि तोही वाढीच्या निम्मा. हा टायर चार इंचांनी मोठा. म्हणजे एक्सल वर येणार दोन इंच. एवढा सगळा खटाटोप दोन इंचांसाठी."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाले, दोन तर दोन."

मला ते मुळीच आवडलं नाही. दोन इंचांनी काय झाकलं जातं, किंवा काय उघडं पडतं? मी वाकून ट्रकखाली बघितलं. काही ठोकर लागल्याची खूण, काही वाकलेलं, काही नवीन रंगवलेलं. मला गाड्यांतलं तसं काही कळत नाही. पण चुकीच्या जागी लागलेला रंग कळेल असं वाटत होतं.

"काय शोधताय, ताई?" मिस्त्रीने विचारलं. आता त्याच्या आवाजातही संशय होता.

"गाडी कुठे आपटली होती का?"

"आपटलेली नाही." तो जरा थांबला. आपल्याला हे बोलायची परवानगी आहे की नाही, याचा विचार करत असावा. मग त्याने कोपऱ्यातून एक पत्र्याचा ट्रे पायाने पुढे ढकलला. "आपटलेली नाही. बुडलेली आहे."

ट्रेमध्ये दूध घातलेल्या कॉफीसारखं काहीतरी होतं.

"हे मागच्या एक्सलमधलं ऑइल. काळं आणि चिकट असायला हवं. पाणी मिसळलं की असं होतं. आता नुसती गाडी पाण्यातून गेली तर इतकं पाणी आत जात नाही. गाडी तापलेली असते, थंड पाण्यात उभी राहिली की आतली हवा आखडते आणि हवा जायच्या भोकातून पाणी ओढून घेते. पुढच्या चाकांच्या बेअरिंगमध्येही शिरलंय. गाडी पाण्यात उभी होती. अर्धा तास तर नक्कीच."

मी तिथल्या उलट्या डब्यावर बसले.

घरापासून इस्पितळाला दोन रस्ते आहेत. एक हमरस्ता, लांबचा. दुसरा नदीवरच्या फरशीवरून, फाटक लागतं तो. फरशी म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल. वरच्या धरणातून पाणी सोडलं की ती पाण्याखाली जाते, दरवाजे बंद केले की तासाभरात उघडी पडते. म्हणजे दादा जवळच्या रस्त्याने गेला होता, आणि मध्ये पाणी होतं.

"मग निघता नसतं का आलं?" मी विचारलं. "पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं की पुढे जायचं नाही ना? गाडी बंद करून उभं राहायचं."

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. "हे कुणी सांगितलं?"

"बाबांनी. आम्हाला दोघांना गाडी शिकवली तेव्हा पहिल्या दिवशी हेच शिकवलं."

"पेट्रोलच्या जुन्या गाडीला ठीक आहे ते. ठिणगी भिजते, गाडी बंद पडते. डिझेलला ठिणगी लागतच नाही." तो उठला आणि केबिनच्या मागे, आपल्या कानाच्या उंचीवर हात ठेवला. "हे हिचं हवेचं तोंड. इथे पाणी येईपर्यंत ही गाडी थांबत नाही. आणि मागे वजनं असतील तर वाहूनही जात नाही. पहिला गिअर टाकायचा आणि पाय न उचलता निघायचं. दोन मिनिटांचं काम." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "मी काटेवाल्यांना एकदा सांगितलं होतं. पण त्यांना कोण सांगणार."

मी घरी चालत गेले. वाटेत माझी गोष्ट पूर्ण झाली होती, आणि ती पूर्वीच्या सगळ्या गोष्टींपेक्षा वाईट होती. दादा घाबरला. बाबा शेजारी मरत होते आणि हा माणूस गुडघाभर पाण्याला घाबरून चाळीस मिनिटं बसून राहिला. आता गाडी उंच करून स्वतःची लाज झाकतोय.

तो मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होता. आई आत होती. मी हळू आवाजात बोलले, कारण माझा आवाज हळूच होतो अशा वेळी.

"फाटक बंद नव्हतं."

त्याने एक टॉवेल झटकला. "माहितीये तुला ते. तू फाटकवाल्याकडे गेली होतीस. त्यानेच सांगितलं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. आईला सांगितलंस." तो चिमटे शोधू लागला. "तुला चुका शोधायचा पगार मिळतो. घरी फुकट शोधतेस."

"दादा, मी मिस्त्रीकडून येतेय. गाडी निघाली असती. डिझेलची गाडी आहे. तू थांबलास."

त्याने टॉवेल दोरीवर टाकला, दोन्ही टोकं जुळवली, पुन्हा जुळवली. मग म्हणाला, "मी नाही थांबलो."

"म्हणजे?"

"शिरलो तेव्हा पाणी टायर जेमतेम भिजेल एवढं होतं. मध्यावर पोचलो आणि चढायला लागलं. चाकाच्या नटांपर्यंत आलं. मी जाणार होतो, मला काही ते डिझेल-बिझेल माहीत नव्हतं, पण जाणार होतो. बाबा म्हणाले, थांब. मी म्हटलं, जाऊ दे बाबा, जाईल. तर हात पुढे करून त्यांनी चावी फिरवली, काढली, आणि शर्टाच्या खिशात घातली. म्हणाले, पाणी चाकाच्या मध्यावर आलंय, आता उतरेपर्यंत थांबायचं."

आत भांड्याचा आवाज झाला. दोघंही गप्प झालो, लहानपणी व्हायचो तसे.

"खिशातून काढून घ्यायची," मी म्हटलं.

"तू काढली असतीस?"

आमच्या घरात बाबांच्या खिशात कुणी हात घालत नसे. आईसुद्धा धुवायला टाकताना शर्ट त्यांच्याकडे द्यायची, ते खिसे रिकामे करून परत करायचे. एवढी साधी गोष्ट. तिच्याबद्दल कधी कुणी बोललंही नव्हतं.

"घामाने शर्ट भिजला होता," दादा म्हणाला. "चावी दिसत होती कापडातून. मी तिच्याकडे बघत बसलो. मला वाटलं, हिसकावली आणि त्यांना त्यानेच झटका आला तर. मग वाटलं, नाही हिसकावली आणि. चाळीस मिनिटं हेच. नंतर त्यांनीच काढून दिली. म्हणाले, चल आता, बघ, उतरलं की नाही. खूश होते गं. त्यांचं बरोबर आलं होतं."

मला विचार करायचा नव्हता, पण झालाच: मी त्या सीटवर असते तर मीही म्हटलं असतं, दादा, थांब, पाणी मध्यापर्यंत आलंय. अर्ध्या तासापूर्वी मी मिस्त्रीला तो नियम पाठ म्हणून दाखवला होता.

"आणि हे ट्रकचं?"

"माहीत नाही. पुढच्या वेळी पाणी चाकाच्या मध्यापर्यंत यायला वेळ लागेल थोडा." त्याने रिकामी बादली उचलली. "आईला सांगू नकोस. ती रोज त्यांचा चष्मा पुसून ठेवते. तिला काय सांगायचं, त्यांनीच स्वतःला अडवून धरलं म्हणून? त्यापेक्षा मी गप्प बसतो. जेवण मिळतंय ना."

मी त्याला हो म्हटलं नाही. रविवारी दुपारी त्याने ट्रक आणला. अंगणात तो मावला, पण आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचं फक्त दार दिसत होतं, आणि आत अंधार झाला होता. आई बाहेर आली, हात पदराला पुसत. तिने वर बघितलं. दादाकडे बघितलं नाही.

"यात चढायचं कसं माणसाने," ती ट्रकला म्हणाली.

"आई," मी म्हटलं. दादा माझ्या मागे होता. त्याने माझं कोपर धरलं. मी ते सोडवून घेतलं, कारण ते ताट आणि ती रिकामी खोली माझी होती, मी मांडलेली. मी तिला सगळं सांगितलं. फरशी, पाणी, चावी, खिसा. डॉक्टरांचं वाक्य मी पुन्हा बोलले नाही, ते तिला पाठ होतं.

आईने मधे एकदाही अडवलं नाही. मी संपवलं तेव्हा ती दाराच्या पायरीवर बसली.

"घरातपण त्यांनी थांबवलंच होतं," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"दोन-दहाला दुखायला नाही लागलं. दोन वाजता त्यांनी याला बोलवू दिलं मला. त्याआधी म्हणत होते, थांब, बघू, गॅस झाला असेल. उगाच त्या पोराला कामावरून बोलवू नकोस. मी बसले. पंख्याने वारा घातला." तिने पहिल्यांदा दादाकडे बघितलं. "तू पंपाच्या दुकानात होतास. हाकेच्या अंतरावर. मी फोन हातात घेऊन बसले होते."

म्हणजे ती दोन महिने ताट वाढून दुसऱ्या खोलीत जात होती, ते मी समजले होते त्या कारणासाठी नव्हे. तिला त्याच्यासमोर बसवत नव्हतं.

दादा एक पाऊल पुढे आला. त्याचा चेहरा मला अनोळखी वाटला, आणि मग लक्षात आलं की ओळखीचा आहे. आरशातला आहे.

"किती वाजल्यापासून?" त्याने विचारलं.

आईने तोंड उघडलं. ती सांगणार होती. तिलाही वेळ माहीत होती, मिनिटासकट, यात मला शंका नव्हती.

"दादा," मी म्हटलं, "नको विचारूस."

तो माझ्याकडे वळला. एवढ्या दिवसांत मी त्याच्याबद्दल जे जे विचारत फिरले होते ते सगळं त्याच्या चेहऱ्यावर होतं, आणि तो मला ते फेकून मारू शकला असता. मी वाट बघितली.

त्याने मारलं नाही. तो पायरीवर आईच्या शेजारी बसायला गेला. पायरी अरुंद होती, म्हणून ती जरा सरकली.